जुना दूरचित्रवाणी संच : घरची दुरुस्ती आणि तिची मर्यादा

एखादी वस्तू चालेनाशी झाली म्हणजे ती बिघडलीच, असे नव्हे. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या बाबतीत तर ही गोष्ट नेहमी ध्यानी ठेवावी लागते.

उज्जैनचे रेल्वे स्थानक सोडले की जवळच देवास गेटचा वर्दळीचा भाग आणि तेथील बसस्थानक लागते. शिंदेशाहीपासून या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८७ साली रविवारच्या सकाळी ‘रामायण’ मालिका दाखविली जाऊ लागली. त्या सुमारास घेतलेला एखादा संच आजही कोणाच्या माजघरात झाकून ठेवलेला असतो. काचेच्या नळीचा एकवीस इंची संच वीस किलोंहून अधिक भरतो. तो उचलून देवास गेटवरच्या बसने इंदूरला न्यायचा, की भंगारवाल्याच्या हवाली करायचा, हे ठरविण्यापूर्वी घरच्या घरी काय करता येते आणि कशाला हात लावू नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या संचाचे कार्य मोठे विलक्षण आहे. पिक्चर ट्यूब म्हणजे आतील हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि पडद्याच्या आतील लेपावर आदळून प्रकाश निर्माण करतो. मानेवर बसविलेली तारेची वेटोळी चुंबकशक्तीने त्या झोताला आडवे आणि उभे फिरवितात. एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एका सेकंदात १५,६२५ रेषा. एवढी धावपळ डोळ्यांना जाणवत नाही, म्हणूनच चित्र अखंड भासते.

आता बिघाडाकडे वळू. संच लावला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या, तर बहुधा दोष संचाचा नसतो. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. गच्चीवरच्या अँटेनाला आता काही मिळतच नाही, तर संचाने दाखवावे काय? अशा संचाला सेट-टॉप बॉक्स जोडावा. पिवळी पिन चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. फार जुन्या संचाला केवळ अँटेनाचीच जागा असेल, तर तशी जोडणी देणारे उपकरण मधे लावावे लागते. निरोगी असूनही मोडीत निघालेले संच थोडे नसतील.

संच मुळीच चालू होत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. वीज येत असूनही संच निपचित पडला असेल, तर फ्यूज किंवा वीजपुरवठ्याचा भाग गेला असावा. आवाज येतो पण पडद्यावर उजेड नाही, अशा वेळी उच्च दाबाच्या विभागाचा संशय घ्यावा. पडद्याच्या मध्यावर एकच आडवी झगझगीत रेघ उमटली, तर झोत वरखाली फिरविणारा भाग थांबलेला आहे. संच ताबडतोब बंद करावा, नाही तर तेवढ्या जागी पडद्याचा लेप जळतो. कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडले, तर जवळ ठेवलेला ध्वनिवर्धक दूर करावा. आतली चुंबकत्व घालविणारी तारेची गुंडाळी संच थंड असताना चालू केल्यावरच नीट काम करते. म्हणून अर्धा तास संच बंद ठेवून पुन्हा लावावा. चित्र फिकट आणि सावकाश उजळणारे असेल, तर नळीच थकली. नवी नळी मिळणे आज दुरापास्त आहे.

थापट मारली की संच चालू होतो, हा अनुभव घरोघरीचा आहे. त्याचे कारण सरळ आहे. वर्षानुवर्षे तापून आणि निवून जड भागांखालचे कथिलाचे डाग तडकतात. थापटीने ते क्षणभर जुळतात, एवढेच. थापट हे निदान झाले, उपचार नव्हे. तडकलेल्या जागी ठिणग्या उडून भोवतालचा भाग जळू शकतो. पावसाळ्यात संचातून चुरचुर आवाज आणि उग्र वास येऊ लागला, तर दमट धुळीतून उच्च दाबाची वीज झिरपत आहे, असे समजून संच बंद करावा.

इथवरची सारी पारख पाठीमागचे झाकण न उघडता करता येते. घरच्या दुरुस्तीची मर्यादाही तेथेच आहे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची. आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीच सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठते. रंगीत नळीला तर वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. खटका बंद केला, प्लग काढला, तरी हा साठा लगेच ओसरत नाही. नळीची काच स्वतःच कंडेन्सरचे काम करते. काही संचांत आतला लोखंडी सांगाडाही वीजवाहक तारेशी जोडलेला असतो. शिवाय नळीच्या मानेला पेचकस लागून ती फुटली, तर बाहेरच्या हवेच्या दाबाने काचा चौफेर उडतात. धीट माणसाचा हात येथे क्षणात दगा खातो. जाणकार कारागीर आधी साठलेली वीज योग्य रीतीने उतरवितो, मग मल्टिमीटर लावतो. फुगलेला कंडेन्सर बदलणे, तडकलेल्या जागी नव्याने डाग देणे, ही कामे त्याला फारशी जड नसतात.

“टीव्ही बिघडला” एवढेच सांगितल्यास कारागिराला अंधारात चाचपडावे लागते. “आवाज आहे, पण एकच आडवी रेघ दिसते” असे सांगितले की त्याचा निम्मा शोध संपतो आणि गिऱ्हाइकाचा खर्चही आटोक्यात राहतो. आणि संच खरोखरच निकामी ठरला, तर तांब्याच्या लोभाने तो अंगणात फोडू नये. त्या काचेत शिसे असते. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे तो अखंड सोपवावा. घराची इतकी वर्षे करमणूक करणाऱ्या वस्तूने जाताना कोणाला इजा करू नये, याची काळजी घेणे घरधन्याचेच कर्तव्य होय.