पॅकेज मोठं की शहर महाग?

सातवं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलची भाषाच बदलते. एरवी मेसची भाजी आणि सबमिशन यांच्यावर चालणाऱ्या गप्पा एकदम "तुला किती, मला किती"वर येतात. कुणाला पुण्याची ऑफर, कुणाला बेंगळुरूची, तर कुणाला नवी मुंबईची. मग एखादा सीनियर छातीठोकपणे सांगतो, "बेंगळुरू पुण्यापेक्षा वीस टक्के महाग. तेवढं पॅकेज जास्त नसेल तर जाऊच नकोस!" हे वीस टक्के आले कुठून, ते मात्र विचारायचं नसतं.

आमच्या विंगमधल्या आम्हा चौघींच्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी टाइमपासचा नाही. नोकरीचं पहिलं शहर चुकलं तर हप्ता थकतो आणि बँकेचा फोन घरी जातो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी याचा नीट अभ्यास केला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. लेखात इंग्रजी शब्द डोकावले तर मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं. हिशेब मात्र कुठल्याही मीडियममध्ये सारखाच येतो!

आधी सीटीसी बाजूला ठेवा

ऑफर लेटरवरचा मोठा आकडा म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा खर्च. तो सगळा तुमच्या हातात पडत नाही. त्यात प्रॉव्हिडंट फंडातला कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते (बेसिकच्या साधारण ४.८१ टक्के), विम्याचा हप्ता असतो आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल पे असतो. कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनसही त्यातच मोजलेला असतो. शिवाय बेसिकवरचा तुमचा स्वतःचा पीएफ पगारातून कापला जातो. तो तुमचाच पैसा आहे, पण या महिन्याचं भाडं त्यातून देता येत नाही. म्हणून तुलना करायची ती दरमहा खात्यात जमा होणाऱ्या रकमेची.

टॅक्सचा बाऊ करू नका. इन्कम टॅक्स केंद्राचा, त्यामुळे सगळ्या शहरांत सारखाच. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्नच मिटला. प्रोफेशनल टॅक्स राज्याराज्यांत वेगळा असतो, हरियाणासारख्या राज्यात तर तो नाहीच. पण घटनेच्या २७६ व्या कलमानुसार तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. महिन्याला दोनशे रुपयांसाठी कुणी शहर बदलत नाही.

महागाईचा निर्देशांक इथे कामाचा नाही

"सरकारच शहरवार महागाईचा निर्देशांक काढतं की! तो बघितला की झालं." असं मलाही एकीने सुचवलं. केंद्राचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ८८ केंद्रांचा निर्देशांक काढतं हे खरं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आहे आणि आमचं सोलापूरही आहे. पण हा निर्देशांक एका शहराची तुलना त्याच शहराच्या जुन्या काळाशी करतो. २०१६ साली प्रत्येक शहर १०० धरलं आहे. मुंबईही १०० आणि सोलापूरही १००!

उदाहरण घेऊ. समजा, सुरुवातीला थाळी सोलापुरात ६० रुपयांना आणि मुंबईत १२० रुपयांना होती. दोन्हीकडे निर्देशांक १००. काही वर्षांनी सोलापूरची थाळी ९० रुपये झाली, म्हणजे निर्देशांक १५०. मुंबईची १६८ झाली, म्हणजे १४०. निर्देशांक बघून कुणी म्हणेल, "सोलापूर मुंबईपेक्षा महाग!" खिशाला विचारा, तो काय सांगतो.

दुसरं म्हणजे त्या निर्देशांकामागची टोपली. टोपली म्हणजे एखादं कुटुंब कशावर किती खर्च करतं त्याची यादी. ती कारखाने, खाणी, चहामळे, रेल्वे, बंदरं अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या घरांवरून ठरवली आहे. २०१६ च्या मालिकेत त्यात खाण्यापिण्याला ३९.१७ टक्के आणि घराला १६.८७ टक्के वजन आहे. नव्या शहरात एकट्याने राहणाऱ्या नवख्या इंजिनिअरचा घरभाड्याचा वाटा सहज याच्या दुप्पट असू शकतो. म्हणजे टोपली त्यांची आणि खर्च आपला!

सरकारी घरभाडे भत्त्याचंही तसंच. केंद्र सरकार शहरांचे लोकसंख्येप्रमाणे एक्स, वाय आणि झेड असे गट करतं. २०२४ पासून भत्ता बेसिकच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. यात मुंबई, पुणे, बेंगळुरू तिन्ही एक्समध्ये. पण दादरचं भाडं आणि हडपसरचं भाडं एकच आहे असं कुणी म्हणेल का?

सगळा पगार त्या शहरात खर्च होत नाही!

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. "शहर वीस टक्के महाग, तर पगार वीस टक्के जास्त हवा" या वाक्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते, ती म्हणजे तुमचा सगळा पगार त्याच शहरात खर्च होतो. आपल्यासारख्यांचा होतो का? लोनचा हप्ता पुण्यात असा वा बेंगळुरूत, तेवढाच राहणार. घरी पाठवायचे पैसेही तेवढेच.

चार लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षं मुदत असं धरलं तर हप्ता साधारण ६,६४० रुपये येतो. घरी ५,००० पाठवायचे. म्हणजे ११,६४० रुपये कुठलंही शहर असलं तरी गेलेच.

आता पुण्यात हातात ३८,००० येतात आणि बेंगळुरूत ४५,००० येतात असं समजू. (हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.) पुण्यात राहणं, खाणं, फिरणं मिळून २१,००० खर्च.

सीनियरचा हिशेब: ३८,००० वर वीस टक्के म्हणजे ४५,६००. ऑफर ४५,००० ची, म्हणजे ६०० चा तोटा. नको जाऊस.

खरा हिशेब: पुण्यात ३८,००० वजा ११,६४० वजा २१,०००, उरले ५,३६०. बेंगळुरूत २१,००० चे वीस टक्के वाढून २५,२०० झाले. ४५,००० वजा ११,६४० वजा २५,२००, उरले ८,१६०. म्हणजे महिन्याला २,८०० चा फायदा!

शहर तेच, महागाई तीच, पगारही तेच, आणि उत्तर मात्र बरोब्बर उलटं. म्हणून टक्केवारी विसरा. महिन्याच्या शेवटी रुपयांत किती उरतात ते बघा.

टोपली शहराबरोबर बदलते

वरचे "वीस टक्के" तरी खरे का? तेही प्रत्येकाचं वेगळं निघेल. इथली यादी जशीच्या तशी उचलून तिकडे नेऊ नका. पुण्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही, म्हणून गाडीचा हप्ता, पेट्रोल, सर्व्हिसिंग हे सगळं धरावं लागतं. मुंबईत लोकलचा सेकंड क्लासचा पास आहे, गाडी लागतच नाही. बेंगळुरूत मेट्रोचं कमाल भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये ६० रुपयांवरून ९० झालं, त्यामुळे लांब राहणाऱ्याचा महिन्याचा आकडा बराच बदलला. याउलट जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण ती सवलत कर्नाटकच्या रहिवाशांसाठी. सोलापूरचं आधार दाखवून चालणार नाही, मुलींनी लक्षात ठेवा.

खाण्याचंही तसंच. पोळीभाजीचाच डबा हवा असला तर बेंगळुरूत तो शोधावा लागेल आणि महागही पडेल. इडली-वडा-भातावर भागत असेल तर तिथल्या उभ्याने खायच्या दर्शिनी हॉटेलांत स्वस्तात पोट भरतं. म्हणजे शहर किती महाग, हे थोडंफार आपल्या जिभेवरही आहे!

पहिल्या महिन्याचा खड्डा

महिन्याचा हिशेब जमला तरी सुरुवातीला एकरकमी पैसे लागतात, आणि पहिला पगार महिना संपल्यावर येतो. बेंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट घ्यायचा जुना रिवाज. आता पुष्कळ ठिकाणी तो पाच-सहा महिन्यांवर आला आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच तिचा उपयोग. पुण्या-मुंबईत एजंटाची एक महिन्याची दलाली ठरलेली. ती परत मिळत नाही, डिपॉझिट मिळतं. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे, त्याचाही खर्च धरा.

फ्लॅट शेअर केला आणि बेंगळुरूत डोईभाडं १०,००० असलं, तर पाच महिन्यांचं डिपॉझिट ५०,०००. पुण्यात ८,५०० भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि दलाली मिळून २५,५००. फरक २४,५०० चा. महिन्याला २,८०० जास्त उरले तरी एवढी रोकड परत जमायला जवळजवळ नऊ महिने लागतील. हे पैसे पगाराआधी कुठून येणार? घरूनच ना? म्हणजे आईच्या पाटल्या गहाण पडणार का, हा प्रश्न ऑफर स्वीकारण्याआधी घरात बोलायचा आहे, नंतर नाही. उपाय म्हणजे पहिले तीन-चार महिने पीजीत काढायचे. तिथे डिपॉझिट बरंच कमी असतं. शिवाय पुष्कळ कंपन्या ट्रेनिंग एका गावात देतात आणि पोस्टिंग दुसऱ्या. पोस्टिंग पक्कं होईपर्यंत घर घेण्याची घाई कशाला?

वेळेलाही भाव आहे

मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून लोक लांब जातात. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, चर्चगेटपासून विरार ६०. समजा, लांब राहून भाड्यात ६,००० वाचले, पण रोज दोन तास जास्त गेले. महिन्याचे २२ दिवस धरले तर ४४ तास. म्हणजे तुम्ही तुमचा एक तास साधारण १३६ रुपयांना विकला. हातात ४४,००० येत असतील आणि ऑफिसात महिन्याला १९८ तास जात असतील, तर कंपनी तुम्हाला तासाला २२२ देते. कंपनीपेक्षा स्वस्तात घरमालकाला वेळ विकायचा का, ते तुम्ही ठरवा. कुणाला गाडीत उभ्याने पुस्तक वाचता येतं, कुणाला गेटची तयारी करायची असते. उत्तर सगळ्यांचं एक नसेल.

एकच ऑफर, दोन उत्तरं

आमच्या विंगमध्येच बघा. मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी सोलापूरच्या. लोन जवळपास सारखं. वरच्या हिशेबाने दोघींनी बेंगळुरू निवडायला हवं. पण तिच्या आईला दर महिन्याला तपासणीसाठी न्यावं लागतं आणि घरी दुसरं कुणी नाही. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत. बेंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेस आहे, पण सगळी रात्र गाडीत. तपासणी शनिवारी नसली तर दर वेळी रजा, आणि रिझर्व्हेशन नसलं तर तत्काळ. ते २,८०० रुपये त्यातच जिरतील. वर काळजी वेगळीच. तिच्यासाठी पुणे बरोबर. माझ्या घरी धाकटा भाऊ आहे, माझ्यासाठी बेंगळुरू बरोबर. "कुठलं शहर परवडतं?" याचं उत्तर शहरात नसतं, घरात असतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एक कागद घ्या. आपल्या गेल्या तीन महिन्यांच्या यूपीआय व्यवहारांवरून आपली खरी टोपली लिहा. त्या शहरात एक-दोन वर्षांपूर्वी लागलेल्या तीन सीनियरना प्रत्येक वस्तूचा भाव विचारा. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या काकांना नको! मग चार ओळी मांडा: हातात येणारे, कुठेही न बदलणारे, त्या शहरात जाणारे आणि उरणारे. खाली वेगळ्याने लिहा: सुरुवातीला लागणारी रोकड आणि रोज प्रवासात जाणारे तास. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. पण आधी अंथरूण मोजायला तर हवं!

प्लेसमेंटसाठी सर्वांना मनापासून शुभेच्छा. आणि हो, पहिल्या पगाराची पार्टी मागायला येणाऱ्यांचा खर्चही "कुठेही न बदलणारे" या रकान्यातच लिहा. तो कुठल्याच शहरात चुकत नाही!