एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू

‘डॉक्टर, आईच्या कागदावर मोतीबिंदूही लिहिलाय आणि काचबिंदूही. मग ऑपरेशन नक्की कशाचं करणार?’ गेल्या पंधरवड्यात एका प्राथमिक शिक्षकांनी माझ्या टेबलावर सगळे कागद पसरून हा प्रश्न विचारला. त्यांच्या आईच्या बाबतीत उत्तर असे होते की ऑपरेशन एकच, मोतीबिंदूचे, आणि काचबिंदूवरचा उपायही तोच. गुरुजींचा विश्वास बसला नाही. बाहेर जाऊन त्यांनी पुण्यातल्या भावाला फोन केला, परत आले आणि म्हणाले, ‘नीट समजावून सांगा.’ त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहितो आहे, कारण हा घोळ घरोघरी आहे.

पहिली गोष्ट, नावे सारखी असली तरी हे दोन आजार वेगळे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते, आणि बहुतेक वेळा त्याला डोळ्यातला वाढलेला दाब कारणीभूत असतो. सुकलेली नस जगातला कोणताही डॉक्टर पुन्हा ताजी करू शकत नाही. जी नजर शिल्लक आहे ती राखायची, एवढेच आपल्या हातात असते. काचबिंदूचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पाणी वाहून जाण्याचा कोपरा उघडा असतो, पण जाळी चोंदलेली असते. दुसऱ्यात तो कोपराच बंद होतो. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या, बंद कोनाच्या काचबिंदूबद्दल.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. अश्रू वेगळे, हे पाणी वेगळे. ते रंगीत पडद्याच्या मागे तयार होते, बाहुलीच्या भोकातून पुढे येते आणि बुबुळ व पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जाते. मोरीतून पाणी जावे तसे. आता काही माणसांचा डोळा जन्मतःच लहान असतो. अशांना बहुधा दूरच्या नजरेसाठीही प्लस नंबरचा चष्मा असतो. डोळा लहानच राहतो, पण आतले भिंग वयाबरोबर जाड होत जाते. तरुणपणी साधारण चार मिलिमीटर असणारे भिंग म्हातारपणी पाचाच्या घरात जाते, आणि मोतीबिंदू फुगला तर त्याहूनही जास्त. छोट्या खोलीत लग्नातले मोठे लोखंडी कपाट आणून ठेवावे आणि मग दार नीट उघडू नये, तसला हा प्रकार. जाड भिंग पडद्याला मागून टेकते, बाहुलीतून पाणी पुढे येईना होते, मागे तुंबते, पडदा पुढे फुगतो आणि कोपऱ्यातली मोरी झाकून टाकतो.

हे हळूहळू झाले तर रुग्णाला काहीच कळत नाही. कधी संध्याकाळी डोके जड, कधी दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये, एवढेच. एकदम झाले तर मात्र हाहाकार उडतो.

काही वर्षांपूर्वीची एक आजी मला विसरता येत नाही. वय सत्तरीच्या आतबाहेर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे तिला एका शिबिरात सांगितले होते, आणि ‘अजून कच्चा आहे, पिकू द्या’ असा सल्ला घेऊन ती दोन वर्षे घरी बसली होती. नातीच्या लग्नाच्या गडबडीत, लोडशेडिंगच्या अंधारात, रात्री तिचा उजवा डोळा ठणकू लागला. अर्धे डोके फुटेल असे दुखले आणि उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटले, लग्नाचे जेवण बाधले, पित्त झाले. गावात सलाईन लावले, पित्ताचे इंजेक्शन दिले. उलटी थांबली, दुखणे राहिले. डोळा लाल होता, पण तिकडे लक्ष कोण देणार! माझ्याकडे आली ती चौथ्या दिवशी. डोळ्याचा दाब साधारण दहा ते एकवीस असावा लागतो, तिचा अठ्ठावन्न होता. बुबुळ धुरकट, बाहुली मोठी आणि हलत नाही, डोळा हाताला गोटीसारखा टणक. मॅनिटॉलची बाटली, गोळ्या, थेंब असे सगळे करून दाब उतरवला. पण चार दिवसांत नसेचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता.

म्हणून सर्वांना, आणि खेड्यापाड्यातल्या माझ्या डॉक्टर बंधूंना विशेष सांगतो, की पन्नाशीपुढच्या माणसाला डोकेदुखी आणि उलट्या होत असतील तर डोळे पाहा. एक डोळा लाल, त्याच डोळ्याने अंधुक आणि त्याच बाजूचे डोके, असे असेल तर ते पित्त समजू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. हा झटका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त येतो. बाहुली मोठी करणारी औषधे, पोटातल्या मुरड्याच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा, अरुंद कोनाच्या डोळ्यात झटका आणू शकतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका शिबिरात घाईघाईने टॉर्च न मारता थेंब टाकले होते आणि त्या गृहस्थांना रात्री झटका आला होता. त्यांचा डोळा वाचला, पण तेव्हापासून कितीही रांग असली तरी आधी पुढची खोली किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय मी थेंब टाकत नाही.

आता उपायाकडे. 1857 साली जर्मनीत ग्रेफे या नेत्रवैद्याने पडद्याचा छोटा तुकडा कापून पाण्याला आडवाट करून दिली आणि काचबिंदूवर पहिला खरा उपाय सापडला. आज तेच काम लेसरने होते. पडद्याला सुईच्या टोकाएवढे भोक पाडले की तुंबलेले पाणी पुढे येते. टाका नाही, भरती होणे नाही. झटका आलेल्या डोळ्याला हे करतातच, शिवाय दुसऱ्या धडधाकट डोळ्यालाही करतात, कारण रचना दोन्हीकडे सारखीच असते. दुसरा उपाय ट्रॅबेक्युलेक्टॉमीचा. 1968 साली केर्न्स यांनी सांगितलेल्या या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करून पाण्याला नवी वाट काढून देतात.

पण या दोन्हीत जाड भिंग, म्हणजे ते कपाट, जागच्या जागीच राहते. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवले की पाच मिलिमीटरच्या जागी फार तर मिलिमीटरभर जाडीचे भिंग येते. पडदा मागे सरतो, पुढची खोली खोल होते, कोपरा उघडतो. नजर सुधारते आणि दाबही उतरतो. 2016 साली ब्रिटन आणि आशियातील काही देशांच्या रुग्णालयांनी मिळून केलेली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. बंद कोनाचा आजार असलेल्या 419 रुग्णांपैकी काहींचे भिंग काढले, काहींना लेसर केले. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांपैकी शंभरातल्या साठ जणांना दाबाच्या थेंबांची गरज उरली नव्हती. लेसरच्या गटात असे एकवीसच निघाले. विशेष म्हणजे या रुग्णांना मोतीबिंदू नव्हताच, भिंग स्वच्छ होते. मग ज्याला मोतीबिंदू आहेच, त्याने तो पिकायची वाट पाहत बसण्यात काय अर्थ?

याचा अर्थ अरुंद कोन दिसला की लगेच टेबलावर घ्या, असा मुळीच नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात कोन अरुंद पण बाकी काही बिघाड नसलेल्या 889 लोकांच्या एकाच डोळ्याला लेसर करून दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेसर केलेल्यांपैकी 19 डोळ्यांत बिघाड झाला, न केलेल्यांपैकी 36 मध्ये. फायदा आहे, पण न केलेल्या बहुतेक डोळ्यांनाही काही झाले नाही. अशा माणसाने नियमित तपासणी करून घ्यावी, एवढे पुष्कळदा पुरते.

शस्त्रक्रिया सोपी आहे असेही मी म्हणणार नाही. अशा लहान डोळ्यात हात फिरवायला जागा नसते. झटका येऊन गेलेला असेल तर बाहुली मोठी होत नाही, भिंगाचे धागे सैल असतात, बुबुळाच्या आतल्या पेशी कमी झालेल्या असतात. त्यामुळे डोळा लाल आणि दुखता असताना शक्यतो आम्ही घाई करत नाही. औषधे आणि लेसरने शांत करून, काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया करतो. फेको यंत्राने केली काय किंवा हाताने छोट्या छेदातून केली काय, जाड भिंग निघाले हे महत्त्वाचे. यंत्राच्या किमतीवरून डॉक्टर निवडू नका. नंतर काही दिवस बुबुळ सुजून अंधुक दिसू शकते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे कुटुंब दारात उभे!

सगळ्यांना मोतीबिंदूच्याच शस्त्रक्रियेने भागते असेही नाही. कोपरा फार दिवस बंद राहिला तर पडदा तिथे चिकटून बसतो आणि भिंग काढले तरी सुटत नाही. नस बरीच सुकली असेल, तीन-तीन थेंब टाकूनही दाब आटोक्यात नसेल, तर मोतीबिंदूबरोबरच झडपेचीही शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा नंतर वेगळी. तिच्यात दाब जास्त उतरतो, पण गुंतागुंतही जास्त. हे ठरवायला डोळ्यावर छोटी आरशाची काच ठेवून कोपरा पाहावा लागतो. पाच मिनिटांचे काम आहे. काचबिंदू सांगितला असेल तर ‘माझा कोपरा पाहिलात का? उघडा आहे की बंद?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा, रागावणार नाहीत. उघड्या कोनाच्या काचबिंदूत मोतीबिंदू काढल्याने दाब थोडासाच उतरतो, तेव्हा शेजाऱ्याचे थेंब बंद झाले म्हणून आपले बंद करू नयेत.

गुरुजींच्या आईचा कोपरा अजून चिकटलेला नव्हता, नस बऱ्यापैकी होती आणि मोतीबिंदू तर होताच. म्हणून एकच शस्त्रक्रिया. पैशाची अडचण असणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात जावे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथे विनामूल्य होते. मात्र जुने कागद आणि थेंबांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात. शस्त्रक्रियेनंतरही दाब वर्षातून दोनदा तरी मोजावा लागतो, कायमचा.

त्या आजीच्या डाव्या डोळ्याला त्याच आठवड्यात लेसर केले आणि दीड महिन्याने मोतीबिंदू काढला. पट्टी सोडल्यावर तिने आधी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि वेळ बरोबर सांगितली. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘याचं कवा करता?’ याचे आता करता येणार नाही, हे मला तिला तीन वेळा सांगावे लागले. तिच्या दोन्ही लेकींना मी पुढच्या महिन्यात तपासायला बोलावले होते. धाकटीचा कोपरा अरुंद निघाला. ती अजून दर सहा महिन्यांनी येते.