क्लचमधली हवा आणि व्यापाऱ्याचा हिशेब

कापडाच्या व्यापाऱ्याला ट्रकच्या क्लचशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. मालेगावचा ग्रे कापडाचा माल राहुड घाट, चांदवड, नाशिक, इगतपुरी करीत कसाऱ्याचा घाट उतरून भिवंडीला पोहोचतो. तो रस्त्यात अडला की तिकडे प्रोसेसवाला खोळंबतो, इकडे आमची उधारी लांबते आणि लूमवाल्याचे पेमेंट त्याच्याही पुढे जाते. शिवाय आमच्या वाचकांपैकी अनेकांचे स्वतःचे टेम्पो-ट्रक आहेत आणि अनेकांची मुले गॅरेजमध्ये पाना धरून आहेत. म्हणून आज सूत, भाव आणि मंदी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून क्लचच्या एअरविषयी लिहीत आहोत.

आम्ही कित्येक गाडीमालकांना एकच रडगाणे गाताना पाहिले आहे. गाडीचा गिअर पडेना, कुरकुर आवाज येऊ लागला. रस्त्यावरच्या मिस्त्रीने पाहिल्याबरोबर सांगितले, ‘प्लेट गेली.’ गिअरबॉक्स खाली उतरला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सारे नवे पडले, दोन दिवस गाडी उभी राहिली आणि बिल भरून गाडी निघाली तर पंधरवड्यात पुन्हा तोच आवाज. दोष प्लेटचा नव्हताच. क्लचच्या ऑइलमध्ये हवा शिरली होती. ती काढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही.

हे समजण्यास इंजिनिअर असण्याची गरज नाही. पॅडल दाबले की वरचा मास्टर सिलिंडर, ज्याला मिस्त्री ‘अप्पर’ म्हणतात, पाइपातले ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला, म्हणजे ‘लोअर’ला रेटते आणि क्लच सुटतो. ऑइल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. पाइपात बुडबुडा असला की पाय हवा दाबण्यातच खर्च होतो, लोअर पुरता सरकत नाही आणि क्लच अर्धाच सुटतो.

खूण ओळखणे सोपे आहे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागते आणि दोन-तीनदा भराभर पंप मारले की गिअर पडतो. असे झाले तर संशय आधी हवेवर घ्यावा. याउलट इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे. तिथे प्लेटकडे पाहणे रास्त. पहिल्यात क्लच सुटत नाही, दुसऱ्यात तो धरत नाही. एवढा फरक मालकाला ठाऊक असला तर निम्मी फसवणूक तिथेच थांबते. सगळे मिस्त्री लबाड असतात असे नव्हे. पुष्कळांना उस्तादाने उतरवणे-चढवणे शिकवले, पारख शिकवली नाही.

दोष साधा म्हणून तो चालवून घेऊ नये. कसाऱ्याच्या उतारावर ड्रायव्हर खालचा गिअर घ्यायला गेला, वरचा सुटला आणि खालचा पडला नाही, तर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये फक्त ब्रेकवर राहते. पुढे काय होते ते सांगायला नको.

हवा काढण्याला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना अडण लावलेली. केबिन उचलावी लागत असेल तर तिचे लॉक बसल्याशिवाय खाली डोके घालू नये. ऑइलची डबी भरावी. लोअरवरचा निपल पुसून त्यावर रिंग पाना बसवावा, मग पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे स्वच्छ ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. वरच्याने तीन-चार वेळा सावकाश पॅडल मारून दाबून धरावे, खालच्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. फसफसत बुडबुडे येतील. निपल आवळल्यावरच वरच्याने पाय उचलावा. आधी उचलला तर निघालेली हवा परत आत ओढली जाते. सारी गफलत इथेच होते, म्हणून दोघांनी मोठ्याने ‘दाब’, ‘सोड’ असे बोलत काम करावे. सलग ऑइल येईपर्यंत हेच करीत राहावे आणि दर चार-पाच फेऱ्यांनी डबी पाहावी. डबी रिकामी झाली की सारी मेहनत पाण्यात.

पुढे केबिन असलेल्या ट्रकचा पाइप लांब असतो आणि त्याला वर-खाली वळणे असतात. हवा उंच वळणात बसते, हटत नाही. तेव्हा जाणते मिस्त्री खालच्या निपलमधून ऑइल दाबाने वर चढवतात. हवेची चाल मुळात वरच आहे, म्हणून ती डबीतून निघून जाते.

पण हवा आली कुठून? हे न विचारता जो नुसती एअर काढून पैसे घेतो त्याने अर्धेच काम केले. लोअरचे रबर उचलून पाहावे; आत ओले असेल तर किट गेले. अप्परच्या मागे, पॅडलजवळ ओल आहे का, पाइपाच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर पाझरतो का, हेही पाहावे. मोठ्या गाड्यांना एअर टाकीच्या दाबावर चालणारा क्लच बूस्टर असतो. टाकीतली हवा कामाची, ऑइलमधली दोषाची. दोन्ही एक समजू नयेत. बूस्टरच्या हवा सोडण्याच्या तोंडातून ऑइल येऊ लागले तर त्याचे सील गेले समजावे. आणि बाहेर गळती नाही, हवाही नाही, तरी दाबलेले पॅडल हळूहळू खाली जाते, तर अप्परचे आतले रबर झिजले आहे.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलेच घ्यावे, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असते. इंजिन ऑइल किंवा हाती लागेल ते ओतले तर रबर फुगते आणि अप्पर-लोअर दोन्ही जातात. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडा डबा महिनोन्‌महिने ठेवून वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, आणि हात पुसायला आमच्या ताग्याचा कोपरा वापरू नये, ही विनंती.

आता कागदाची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाच्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मालेगाव-भिवंडी त्याहून थोडे जास्त, म्हणजे दोन दिवस. गाडी गॅरेजला अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते; माल दुसऱ्या गाडीत टाकला तर तिचा नंबर बिलात भरावा लागतो. ड्रायव्हर मिस्त्रीच्या मागे असतो, त्याला याची आठवण राहत नाही. म्हणून गाडी थांबल्याचा फोन येताच ‘गिअर पंप मारून पडतो का?’ हे विचारावे आणि लगेच बिलाची वेळ पाहावी.