विश्लेषण : खाटीकखाना झाला म्हणून मंदिर वाचले! पोर्तुगालचे एव्होरा शहर दोन हजार वर्षे कसे टिकले?

पोर्तुगालमधील एव्होरा शहराच्या सर्वांत उंच भागात एक रोमन मंदिर उभे आहे. वय सुमारे दोन हजार वर्षे. छप्पर नाही, मूर्ती नाही, पण चौदा खांब अजून ताठ आहेत. विशेष म्हणजे मध्ययुगापासून थेट १८३६ पर्यंत या मंदिरात मांसविक्री होत असे. आज हे वाचून कुणीही कपाळावर हात मारील. पण तो खाटीकखाना नसता, तर हे मंदिरही कदाचित राहिले नसते.

एव्होराची सगळी गोष्ट या एका उदाहरणात आहे. या शहराचे गोव्याशी जुने नाते आहे आणि ते नेहमीच सुखाचे नव्हते. एव्होरा आणि जुने गोवे ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकाच वर्षी, १९८६ मध्ये आली. एका ठिकाणी आजही शहर नांदते आहे. दुसऱ्या ठिकाणी फक्त चर्च उरली. असे का झाले?

एव्होरा कुठे आहे आणि चर्चेत का?

राजधानी लिस्बनच्या पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर, अलेंतेजु या कोरड्या, मैदानी प्रदेशात एव्होरा वसले आहे. ऑलिव्ह, द्राक्षे, गहू आणि बुचाची झाडे ही इथली ओळख. पांढरीशुभ्र घरे, अरुंद गल्ल्या आणि भोवती तटबंदी असे त्याचे रूप आहे. २०२७ साठी 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' म्हणून लात्वियातील लिएपाया शहराबरोबर एव्होराची निवड झाली आहे.

माणसाचा वावर इथे रोमनांच्याही फार आधीपासूनचा आहे. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर अल्मेंद्रिश येथे सुमारे ९५ उभ्या शिळांचे वर्तुळाकार स्मारक आहे. त्याची सुरुवात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची मानली जाते.

'कॅथेड्रलचे शहर' म्हणजे काय?

प्रत्येक मोठे चर्च हे कॅथेड्रल नसते. ज्या चर्चमध्ये बिशपचे अधिकृत आसन असते, ते कॅथेड्रल. लॅटिनमध्ये 'कॅथेड्रा' म्हणजे खुर्ची. पोर्तुगीज भाषेत कॅथेड्रलला 'से' म्हणतात. हा शब्दही 'आसन' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला. जुन्या गोव्यातील 'से कॅथेड्रल' या नावातला 'से' तो हाच.

बिशप जिथे बसतो, तिथे न्यायनिवाडा, शिक्षण, जमिनीचा महसूल आणि दरबारी वजन हे सगळे एकवटते. एव्होरात चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच बिशप होता. पुढे सुमारे साडेचार शतके शहरावर मुस्लिम मूरांची सत्ता होती. ११६५ मध्ये जिराल्दू नावाच्या धाडसी सरदाराने ते जिंकून पोर्तुगालच्या राजाच्या पदरात टाकले. शहराचा मुख्य चौक आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. १५४० मध्ये एव्होराला आर्चबिशपचा दर्जा मिळाला आणि पहिला आर्चबिशप झाला राजाचा सख्खा भाऊ, कार्डिनल हेन्रिक. हे नाव लक्षात ठेवा. गोव्याच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

रोमन मंदिर कसे वाचले?

पर्यटक याला 'डायनाचे मंदिर' म्हणतात. पण ते नाव बऱ्याच नंतरच्या काळात चिकटले. अभ्यासकांच्या मते हे मंदिर सम्राट ऑगस्टसच्या पूजेसाठी पहिल्या शतकात बांधले गेले. खांब ग्रॅनाइटचे, तर त्यांचे पाये आणि वरची नक्षीदार शीर्षे जवळच्या एश्त्रेमोझ भागातील संगमरवराची आहेत.

रोमन साम्राज्य संपल्यावर बहुतेक शहरांत अशा वास्तूंचे दगड लोकांनी घरांसाठी उपसून नेले. इथे मात्र खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बुजवण्यात आल्या. आधी ती वास्तू किल्ल्याचा भाग झाली, मग खाटीकखाना. भिंतींमुळे खांबांना आधार मिळाला आणि जागा वापरात असल्याने दगड चोरीला गेले नाहीत. १८७० च्या सुमारास या भिंती पाडण्यात आल्या, तेव्हा आतले मंदिर पुन्हा उजेडात आले.

कॅथेड्रलमध्ये पाहण्यासारखे काय?

मंदिरापासून काही पावलांवर एव्होराचे कॅथेड्रल आहे. पोर्तुगालमधील मध्ययुगीन कॅथेड्रलांपैकी हे सर्वांत मोठे. बाराव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि पुढची दीडशे वर्षे भर पडत गेली. त्यामुळे जाड भिंतींची जुनी रोमानेस्क शैली आणि टोकदार कमानींची गॉथिक शैली इथे एकाच इमारतीत दिसते. दर्शनी भागातले दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रवेशद्वाराशी येशूच्या शिष्यांचे चौदाव्या शतकातील पुतळे आहेत.

आत गेल्यावर लक्ष वेधून घेते ती गरोदर मेरीची रंगीत मूर्ती. सुखरूप बाळंतपणासाठी बायका इथे प्रार्थना करत आल्या आहेत. मुख्य वेदीचा भाग मात्र अठराव्या शतकातला. ब्राझीलच्या सोन्याने श्रीमंत झालेल्या जुआंव पाचवा या राजाच्या काळात, लुदोविसी या जर्मन वंशाच्या वास्तुविशारदाने तो रंगीबेरंगी संगमरवरात नव्याने घडवला. वास्कु द गामाच्या पहिल्या भारत मोहिमेतील निशाणांना याच कॅथेड्रलमध्ये आशीर्वाद दिला गेला, अशी परंपरागत समजूत आहे.

१५८४ मध्ये जपानहून रोमला निघालेले चार किशोरवयीन राजदूत इथे थांबले होते. त्यांच्यापैकी दोघांनी कॅथेड्रलमधला ऑर्गन वाजवून दाखवल्याचे नोंदले गेले आहे. जपान ते एव्होरा या प्रवासात त्यांचा एक मोठा मुक्काम होता गोव्यात.

१८ किलोमीटरवरून पाणी आणले कसे?

सोळाव्या शतकात राजदरबार वारंवार एव्होरात असे. गर्दी वाढली आणि पाणी कमी पडू लागले. तेव्हा जुआंव तिसरा या राजाने फ्रान्सिस्कु द अरुदा यांच्याकडे काम सोपवले. लिस्बनचा प्रसिद्ध बेलेम मनोरा बांधणारे ते हेच. १५३१ ते १५३७ या काळात सुमारे १८ किलोमीटर लांबीची जलवाहिनी उभी राहिली. तिचे नाव 'आग्वा द प्राता', म्हणजे चांदीचे पाणी.

पंप नाही, वीज नाही. पाणी पुढे सरकायचे ते फक्त उतारावर. उतार जास्त झाला तर वेगाने पाट झिजतो, कमी झाला तर पाणी साचून गाळ धरते. म्हणून उगमापासून शहरापर्यंत अगदी हलका, सलग उतार राखावा लागतो. जमीन मात्र आपल्या मर्जीने वरखाली होते. जिथे जमीन चढते तिथे पाट जमिनीलगत किंवा जमिनीखालून जातो. जिथे ती खचते तिथे पाट पेलायला कमानी लागतात. शहराबाहेर या कमानी उंच आहेत. शहरात शिरल्यावर जमीन चढत जाते, तशा त्या बुटक्या होतात.

या बुटक्या कमानींखाली लोकांनी काय केले? भिंती घालून घरे आणि दुकाने थाटली. ज्या रस्त्यावर ही घरे आहेत त्याचे नाव 'रुआ दु कानु', म्हणजे नळाची गल्ली. डोक्यावर सोळाव्या शतकातली कमान आणि खाली कुणाच्या तरी घराचे दार! आपल्याकडे याला सरळ अतिक्रमण म्हटले असते. इथे तीच शहराची ओळख झाली.

हाडांचे चॅपेल म्हणजे काय?

सेंट फ्रान्सिस चर्चला लागून असलेल्या चॅपेलच्या भिंती आणि खांब माणसांच्या कवट्या व हाडांनी मढवलेले आहेत. सुमारे पाच हजार माणसांचे अवशेष इथे असल्याचे सांगतात. शहरातील दफनभूमींनी बरीच जागा व्यापली होती. ती मोकळी करताना निघालेल्या अस्थी फ्रान्सिस्कन साधूंनी फेकून न देता भिंतीत बसवल्या. दारावर कोरलेल्या ओळीचा आशय असा, की आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत. मृत्यूसमोर श्रीमंत-गरीब सारखेच, हे सांगण्याची ही त्या काळची रीत.

गोव्याशी नाते काय?

नात्याची पहिली बाजू काळी आहे. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा शोध घेणारे धर्मन्यायालय स्थापन झाले. त्याची सुरुवात एव्होरातून झाली. रोख मुख्यतः जबरदस्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंवर होता. पुढे कार्डिनल हेन्रिक याचे प्रमुख झाले आणि त्यांच्याच काळात, १५६० मध्ये, हे न्यायालय गोव्यात आले. इथे त्याचा जाच नवख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनाही झाला. अ. का. प्रियोळकर यांनी या विषयावर लिहिलेले पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच अलेंतेजु प्रदेशात जन्मलेले वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात स्थायिक झाले. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही काही काळ त्यांच्याकडे खंडाने होते. ते मूळचे ज्यू घराण्यातले. त्यांच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळले. १५८० मध्ये त्यांचे स्वतःचे अवशेष उकरून तेही जाळण्यात आले.

दुसरी बाजू वेगळी आहे. एव्होराचे सार्वजनिक ग्रंथालय सांभाळणारे जुआकिम एलिओदोरु द कुन्या रिवारा १८५५ मध्ये गोव्यात मोठ्या सरकारी पदावर आले. पोर्तुगीज सत्तेने ज्या भाषेला दाबले, त्या कोकणीची त्यांनी बाजू घेतली. तिचा इतिहास सांगणारा निबंध लिहिला आणि 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण १८५७ मध्ये पुन्हा छापले. दोन दशकांहून अधिक काळ गोव्यात काढून ते परतले आणि १८७९ मध्ये एव्होरातच वारले. धर्मन्यायालय पाठवणाऱ्या शहरानेच तीन शतकांनी हा ग्रंथपालही पाठवला.

एव्होरा टिकले, मग जुने गोवे का नाही?

एव्होरावर संकटे कमी आली नाहीत. दरबार लिस्बनला गेला. १७५९ मध्ये पोम्बाल यांनी जेझुइटांना हाकलले आणि त्यांनी चालवलेले, १५५९ पासूनचे विद्यापीठ बंद पडले. १८०८ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर लुटले. शहर गरीब राहिले, पण रिकामे झाले नाही. पैसा नसल्याने जुने पाडून नवे बांधण्याची हौसही कुणाला परवडली नाही. १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झाल्यानंतर पोर्तुगालच्या सुवर्णकाळातले शहर पाहायचे तर एव्होराच उरले, हे युनेस्कोनेही नमूद केले आहे.

जुन्या गोव्यात उलटे घडले. रोगराईने लोक निघून गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि ओस पडलेल्या वाड्यांचे दगड तिकडच्या बांधकामांसाठी गेले. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने दोन्हीकडचे मठ बंद केले. एव्होरातील मठांना नवे काम मिळाले; रोमन मंदिराशेजारच्या लोइयुश मठात आज हॉटेल आहे. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन मठ सांभाळायला मात्र भोवती वस्तीच नव्हती. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला. इन्क्विझिशनच्या इमारतींचेही तसेच: गोव्यातली जमीनदोस्त झाली, एव्होरातल्या इमारतीत आज कलाकेंद्र चालते.

पुढे काय?

एव्होराचे विद्यापीठ १९७० च्या दशकात पुन्हा सुरू झाले. जुन्या जेझुइट वर्गांच्या भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रे असलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत आणि तिथे आजही तास भरतात. १९७७ पासून वास्तुविशारद आल्वारु सिझा यांनी तटबंदीबाहेर मालागेइरा ही सुमारे १,२०० घरांची वसाहत आखली. तिथली पाणी आणि वीज डोक्यावरून जाणाऱ्या काँक्रीटच्या पाटातून येते. कल्पना जुन्या जलवाहिनीवरूनच घेतलेली.

पण आता खरा धोका तटबंदीच्या आत आहे. गेल्या काही दशकांत तिथली वस्ती घटली आहे. नवी कुटुंबे बाहेर राहतात, आत पर्यटकांसाठी खोल्या वाढतात. २०२७ च्या निमित्ताने गर्दी आणखी वाढेल. वास्तू सरकारी निधीतून दुरुस्त होऊ शकते. नळाच्या गल्लीतल्या कमानीखाली संध्याकाळी दिवा लावणारे माणूस निधीतून आणता येत नाही. जुन्या गोव्यात शवप्रदर्शनाच्या काळात लाखो लोक येतात आणि सोहळा आटोपला की परततात. एव्होराला टाळायचे आहे ते नेमके हेच.