आधी वाढ, मग वाटप?

आर्थिक विषमतेचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. संपत्ती आधी निर्माण होऊ द्या, वाटपाचे मागाहून पाहू. नफ्याची आशाच नसेल तर नवे यंत्र शोधण्याच्या भानगडीत पडेल कोण? सायमन कुझनेट्स यांच्या १९५५ च्या निबंधाचा आधारही त्यास दिला जातो. विकासाच्या आरंभी विषमता वाढते, पुढे ती ओसरते, असे त्यांनी सुचविले होते. आपल्या मांडणीत पुराव्यापेक्षा तर्कच अधिक आहे, ही त्यांचीच कबुली मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. या युक्तिवादाची परीक्षा घेण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आपले कोल्हापूर पुरेसे आहे.

‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा शब्दप्रयोग राज्यभर रूढ आहे. रचना साधी. नदीपात्रात खाचा असलेले खांब; पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि मृगाच्या तोंडावर ते काढून पुराला वाट मोकळी करायची. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे पाणी भोगावती-पंचगंगेतून सोडायचे, बंधाऱ्याबंधाऱ्यांशी अडवायचे आणि दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी ते उपसून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. एकट्यादुकट्या लहान खातेदारास उपशाचा खर्च पेलत नाही, म्हणून सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या.

वाटप आणि शोध यांची गाठ नेमकी येथे पडते. पाणी अनेकांच्या शिवारात पोहोचले, तशी ऑईल इंजिने व पंप यांना मागणी आली. पाच-पंचवीस जहागीरदारांचीच गरज असती तर ती विलायती यंत्रे मागवून भागली असती. परंतु स्वस्त आणि गावातच दुरुस्त होणारे इंजिन मागणारे गिऱ्हाईक दाराशी उभे होते. म्हणून येथील मिस्त्री मंडळींनी यंत्रे खोलून पाहिली, सुटे भाग ओतले आणि उद्यमनगर गजबजले. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फौंड्र्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओतीव भाग मोटारउद्योगाला जाऊ लागले. या कारागिरीची पूर्वतयारीही वाटपाचीच होती. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, १९१८ साली महार वतन रद्द झाले. जन्माने नेमलेल्या कामाची सक्ती सैल झाल्याविना नव्या धंद्यास माणसे मिळत नसतात.

उलट बाजूही याच जिल्ह्यात दिसते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला; त्यानंतर अनेक दशके शहर साध्या मागांवरच विसंबून राहिले व शटललेस माग फार उशिरा आले. भांडवलाची चणचण हे एक कारण खरेच. पण मजुरी स्वस्त असली की जुने यंत्र टाकून देण्याची निकडही भासत नाही. उसाच्या फडात तेच. बीडकडच्या टोळ्या उचलीवर मिळत होत्या तोवर कोयताच चालला; टोळ्यांची वाण पडू लागली तेव्हा कुठे तोडणी यंत्राकडे कारखान्यांचे लक्ष गेले.

कल्पक माणसास त्याच्या कल्पकतेचे फळ मिळू नये, असे कोणी म्हणत नाही. पण शोधाचा नफा आणि जमिनीचा भाव वाढल्याचा नफा एकाच पंक्तीस बसविणे गैर आहे.

मग वाटपाचा पैसा कोणी द्यावा? महाराष्ट्राने याचे एक उत्तर दिले होते. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली व १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, ही कल्पना उदात्त होती आणि शिक्षक-कारकुनांनी तो उचललाही. परंतु घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तेथेच थांबली. साध्या पगाराच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. कोट्यवधींची मिळकत असलेल्या कारखानदारालाही वर्षाकाठी हा कर भरावा लागतो तो तेवढाच, अडीच हजार.