वानप्रस्थ समुद्रापलीकडे

रत्नागिरीस येणारा पाहुणा थिबा राजवाडा पाहिल्यावांचून सहसा परत जात नाहीं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं मंडाले येथें पदच्युत केलें व पुढील वर्षीं राणीसह आमच्या गांवीं बंदिवासांत आणून ठेविलें. राजवाडा बांधून पुरा झाला १९१० सालीं; त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९१६ मध्यें, राजा येथेंच वारला. दैवाची लीला अशी कीं, मंडालेचा राजा रत्नागिरींत कोंडलेला असतां रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते, आणि ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ तेथेंच लिहिला गेला. ही अदलाबदल आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्याच मंडालेंतून निघालेली आणखी एक गोष्ट पुढें महाराष्ट्रांत रुजली, आणि उतारवयास लागलेल्या एका गृहस्थाश्रमी जोडप्यानें ती येथून समुद्रापलीकडे नेली. तिची आठवण घराघरांतून निघत नाहीं, म्हणून हा लेख.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ सालीं मंडाले येथें एका मारवाडी व्यापारी कुटुंबांत झाला. ऐन तारुण्यांत ते रंगूनच्या हिंदी व्यापारी समाजाचे पुढारी झाले. पैसा आला, मान आला, आणि त्यांच्या पाठोपाठ अर्धशिशी आली. ती इतकी उग्र कीं मॉर्फिन टोंचल्याशिवाय उतरेना. परदेशचे नामांकित वैद्य झाले, गुण नाहीं. अखेर १९५५ सालीं ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरु संन्यासी नव्हते, भिक्षु नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकौंटंट जनरल, म्हणजे आपल्यासारखेच फायली चाळणारे सरकारी नोकर होते. त्यांनीं गोयंकांस आधीं चक्क नकारच दिला. डोकेदुखी बरी करण्यासाठीं ही विद्या नाहीं, चित्तशुद्धि हवी असेल तर या, असें त्यांचें म्हणणें. आमच्या शिक्षकी पेशांत मार्कांसाठीं येणारे विद्यार्थी पुष्कळ पाहिले; त्यांस असें सांगण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं!

या विद्येची परंपराही नोंद घेण्याजोगी आहे. थिबाचा बाप मिंडान राजा यानें मंडाले येथें १८७१ सालीं पांचवी धर्मसंगीति भरविली व सबंध त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरविलें. त्या काळांत मंडाले येथें अध्ययन केलेले लेडी सयाडॉ नांवाचे महापंडित भिक्षु होते. विपश्यना ही साधना गृहस्थांनाही शिकवावी असा त्यांनीं आग्रह धरला. त्यांच्यापासून ती सया थेटजी या शेतकऱ्याकडे, त्यांच्याकडून हिशेबतपासनिसाकडे, व हिशेबतपासनिसाकडून व्यापाऱ्याकडे आली.

१९६२ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी राजवट आली व थोड्याच अवधींत गोयंकांचे कारखाने सरकारजमा झाले. दुसरा कोणी हाय खाता. यांस साधनेला वेळ मिळाल्याचा संतोष झाला. १९६९ सालीं ते हिंदुस्थानांत आले, तें धर्मप्रचाराचा झेंडा घेऊन नव्हे. त्यांची आई येथें आजारी होती. तिला ही साधना शिकवावी एवढाच प्रथम हेतु. त्या वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईस पहिलें शिबिर झालें व त्यांत त्यांचे आईवडील बसले. पुढें इगतपुरीस धम्मगिरि हें केंद्र उभें राहून १९७६ पासून तेथें शिबिरें सुरू झालीं. सहा मुलांची आई असलेल्या इलायचीदेवी पतीच्या शेजारीं आसनावर बसूं लागल्या. प्रवचनें पतीनें करावीं, त्यांनीं शेजारीं बसून सर्वांविषयीं मैत्रीभाव धरावा, अशी त्यांची वांटणी असे. व्याख्यानबाजीच्या युगांत अशा मूक सहधर्मचारिणीचें महत्त्व कळणें कठीण. पण ज्या घरांत आजी बोलत नाहीं, नुसती जपमाळ घेऊन कोपऱ्यांत बसते, त्या घरास तिचें मोल ठाऊक असतें.

आणि मग १९७९ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, गोयंकांनीं परदेशाची वाट धरली. पूर्वीं याच वयास सरकारी नोकर पागोटें खुंटीस टांगून घरीं बसत असे. अडचण पारपत्राची होती. त्यांचें नागरिकत्व ब्रह्मी, व ब्रह्मी सरकार या कामासाठीं इतर देशांत जाऊं देईना. तेव्हां त्यांनीं भारतीय नागरिकत्व घेतलें. फ्रान्समध्यें गायाँ या गांवीं परदेशांतील त्यांचें पहिलें शिबिर झालें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं १९८२ सालीं केंद्र निघालें. आज जगभर अशीं दोनशेंहून अधिक केंद्रें आहेत. २००२ सालीं, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, घरासारख्या एका मोटारगाडींत राहून या वृद्ध दांपत्यानें सुमारें चार महिने अमेरिका व कॅनडा हे दोन्ही देश पालथे घातले. गोयंका २०१३ सालीं व इलायचीदेवी २०१६ सालीं निवर्तल्या.

आतां आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील, पण समुद्रगमन! बौधायनानें समुद्रप्रवास पातकांत घातला आहे आणि कलिवर्ज्याच्या याद्यांत समुद्र ओलांडणाऱ्या द्विजास प्रायश्चित्तानंतरही व्यवहारांत घेऊं नये असें म्हटलें आहे, हें खरें. आमच्याच जिल्ह्यांतले, चिपळूणकडचे भारतरत्न पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या सर्वांचा ऊहापोह केला आहे. पण ज्यांचे नातू न्यूजर्सींत मौंजीबंधन करतात त्यांनीं हा वाद उकरण्यांत आतां स्वारस्य नाहीं. आमच्या मतें खरा शास्त्रार्थ निराळाच आहे. वानप्रस्थास निघणाऱ्यास मनूनें दोन मार्ग मोकळे ठेविले: बायकोस मुलांच्या स्वाधीन करावें, किंवा तिला बरोबर घेऊन जावें. आपल्याकडील थोर पुरुषांनीं बहुधा पहिलाच मार्ग पत्करला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ सालीं बुद्धाच्या शोधांत घराबाहेर पडले, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश हिंडले, पुढें हार्वर्डपर्यंत पोंचले. त्यांच्या विद्वत्तेपुढें आम्ही नतमस्तक आहों. पण तान्ही मुलगी घेऊन मागें राहिलेल्या त्यांच्या पत्नीचें तपही त्या विद्वत्तेच्या हिशेबांत धरलें पाहिजे. गोयंका दांपत्यानें दुसरा मार्ग धरला, हें आम्हांस विशेष वाटतें.

दुसरी शंका धर्मांतराची. मिशनरी हा शब्द उच्चारतांच कोंकणांतील जुन्या माणसाच्या कपाळास आठी पडते. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पाद्री याच जिल्ह्यांत बाणकोटास व पुढें हर्णै येथें येऊन राहिले होते. त्यांनीं शाळा काढल्या हें त्यांचें ऋण. पण शाळेच्या दारामागें दुसरें एक दार आहे हा संशय लोकांस सुटला नाहीं. गोयंकांनीं २००० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहांत धर्मगुरूंच्या परिषदेपुढें सांगितलें कीं, परिवर्तन मलाही हवें आहे, मात्र तें एका पंथांतून दुसऱ्या पंथांत नव्हे, दुःखांतून सुखांत. शिबिरास फी नाहीं. ज्यानें एकदां शिबिर पुरें केलें त्याचेंच दान घेतात. शिकविणाऱ्या सहायक आचार्यांस मानधन नाहीं, आणि त्यांत पतिपत्नींच्या जोड्या पुष्कळ. विद्येचें मोल घेऊं नये हें आपलें जुनें वळण ट्यूशनच्या जमान्यांत कोठें तरी टिकून आहे, हें पाहून आम्हां जुन्या मास्तरांस बरें वाटतें.

आम्ही स्वतः सपत्नीक इगतपुरीस दहा दिवस राहून आलों आहों. पहांटे चारला घंटा, रात्रीं नऊपर्यंत क्रम, रोज दहा तास बैठक, आणि बोलणें वर्ज्य. आमच्या गुडघ्यांनीं काय म्हटलें तें येथें लिहीत नाहीं. ‘अनिच्च’ हा शब्द कानीं पडे तेव्हां मनांत ‘अनित्य’ असें शुद्ध रूप उमटे, हा संस्कृत शिकल्याचा दोष. आत्मा नाहीं हा सिद्धांत आम्हांस तेव्हांही पटला नाहीं व आजही पटत नाहीं. आम्ही शांकरमताचे आहों व तसेच राहूं. कोणी पटवावयासही आलें नाहीं. श्वास पाहा, वेदना पाहा, राग धरूं नका, लोभ धरूं नका, एवढेंच सांगणें.

हें सर्व लिहिण्यास निमित्त आमच्या आळींतील एका घराचें झालें आहे. घरांतील वडील जोडपें, वय पासष्टीच्या पुढें. गृहस्थ टपालखात्यांतून निवृत्त. गेलीं कांहीं वर्षें दोघेंही निरनिराळ्या केंद्रांच्या स्वयंपाकघरांत सेवा देऊन येतात, आणि यंदा गौरीगणपति झाल्यावर तीन महिन्यांसाठीं ऑस्ट्रेलियांतील एका केंद्रावर सेवेस जाण्याचें त्यांनीं ठरविलें. धाकटे बंधु बिघडले. ते म्हणाले, “दादा, परक्या देशांत परक्यांचीं भांडीं घासणें हा धर्म, तर माजघरांत नव्वदीची काकू अंथरुणावर आहे तिचें उष्टें काढणें याला काय म्हणायचें?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. नवरात्र कोण करील, कलमांची राखण कोण पाहील, या अडचणींस तोड निघते. माणसाच्या शुश्रूषेस बदली मिळत नाहीं. आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, ज्यांचें उदाहरण घेऊन तुम्ही निघालां त्यांच्या कामाचा आरंभ आजारी आईपासून झाला होता, आणि दहा वर्षें येथें काम केल्यावर ते परदेशीं गेले. थोरल्या वहिनींस तें आधींच ठाऊक असावें, कारण गेले वर्षभर जाणें लांबणीवर टाकून त्या काकूपाशींच होत्या. शेवटीं सून म्हणाली, “आई, तुम्ही आणि मामंजी जा. तीन महिने मी शाळेंतून बिनपगारी रजा घेतें. पण तिकडून आल्यावर माझ्या परीक्षेच्या वेळीं मुलें तुम्ही सांभाळायचीं.” धाकटे बंधु यावर कांहीं बोलले नाहींत, दुसऱ्या दिवशीं मात्र काकूच्या खाटेस नवीं चाकें बसवून घेतलीं.

काकूंस सर्व सांगितलें. त्यांस ऑस्ट्रेलिया कोणीकडे तें उमगलें नसावें, पण भटारखान्याचें काम आहे एवढें नीट कळलें. तिकडच्या माणसांना कुळथाचें पिठलें चालतें का, असें त्यांनीं दोनदां विचारलें. तिकीटें काढून झालीं आहेत; या प्रश्नाचें उत्तर मात्र अजून कोणी दिलेलें नाहीं.