खरा अशोक आणि खोटा अशोक : आवारात कोणता लावावा?

गोंदिया जिल्ह्यातील शाळा, ग्रामपंचायतीची कार्यालये, दवाखाने व देवळे यांच्या आवारात एक उंच, सरळ व शेंड्याकडे निमुळते होत गेलेले झाड ओळीने लावलेले आढळते. लोक त्यास अशोक म्हणतात. रोपवाटिकेत जाऊन "अशोकाचे रोप द्या" असे सांगितले असता बहुधा हेच रोप हाती पडते. परंतु रामायणातील अशोकवनाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे व ज्याची साल वैद्य औषधात वापरतात, तो अशोक हा नव्हे. तो वृक्ष निराळा असून त्यास सीताअशोक असे म्हणतात. उंच वाढणाऱ्या झाडास जाणकार लोक खोटा अशोक म्हणून ओळखतात. दोन्ही झाडे सदाहरित व शोभिवंत आहेत. पण दोहोंच्या गरजा व उपयोग भिन्न असल्यामुळे रोपे आणण्यापूर्वीच ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी हा भेद नीट समजून घेणे इष्ट आहे.

ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे पान. खोटा अशोक सीताफळाच्या कुळातील आहे. त्याचे पान सुटे, लांबट, चकचकीत व कडेने लाटेसारखे नागमोडी असते. खरा अशोक चिंच व आपटा यांच्या कुळातील असून त्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एकाच देठावर समोरासमोर चार ते सहा पर्णिकांच्या जोड्या असतात. पर्णिकेची कड साधी असते. नवी पालवी तांबूस रंगाची, मऊ व खाली लोंबणारी येते. हा फरक लहान रोपातही दिसतो. म्हणून रोप विकत घेताना नावाच्या पाटीवर विसंबून न राहता पान हातात घेऊन पाहावे.

फुलांवरून तर चूक होण्याचा संभवच नाही. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवी, चांदणीच्या आकाराची असून पानांत लपून जातात. पुष्कळांना या झाडास फुले येतात हेच ठाऊक नसते. पुढे पावसाळ्याच्या सुमारास जांभळ्या-काळ्या फळांचे घोस येतात. ती वटवाघळे आवडीने खातात व बिया आवारभर टाकतात. खरा अशोक साधारणतः माघ ते चैत्र या काळात फुलतो. जुन्या फांद्यांवर, प्रसंगी खोडावरही, फुलांचे गेंद येतात. प्रथम पिवळी-नारिंगी असणारी फुले पुढे लालभडक होतात व त्यांचा मंद सुवास येतो. या फुलास पाकळ्या नसतात. ज्यास आपण पाकळ्या समजतो ती रंगीत निदले होत. कालिदासाच्या "मालविकाग्निमित्र" नाटकात न फुलणाऱ्या अशोकास मालविकेच्या पायाचा स्पर्श घडविल्याची कथा आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र त्यास फुलविण्यासाठी उन्हाळ्यातील पाणीच अधिक उपयोगी पडेल.

आता हा भेद केवळ शोभेपुरता का नाही, ते पाहू. खऱ्या अशोकाची साल स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावरील आयुर्वेदीय औषधांत व अशोकारिष्टात वापरली जाते. तिला मागणी फार व झाडे थोडी, म्हणून बाजारात तिच्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे अनेकदा आढळून आले आहे. गावातही आवारातील उंच "अशोकाची" साल काढून तिचा काढा घरी करणे शक्य आहे. कारण नाव तेच! ही साल त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. झाड खरे असले तरी साल काढून स्वतःच औषधयोजना करू नये. पाळीत अंगावरून फार जात असल्यास त्या स्त्रीस विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. काढ्याच्या भरवशावर घालविलेले दिवस तिला महाग पडतात. हा मुद्दा ग्रामसेवकांनी महिला मंडळाच्या बैठकीत अवश्य सांगावा.

सालीसाठी झाडे सोलली गेल्यामुळे रानातील खरा अशोक विरळ होत चालला आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण गोलाकार काढल्यास झाड वाळून मरते. जगातील धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत या वृक्षाची नोंद झालेली आहे. आपल्या आवारात एक जरी झाड वाढविले तरी बियाणे मिळण्याची सोय होते.

परंतु खरा अशोक कोठेही लावून चालत नाही. मूळचा तो दमट अरण्यातला, ओढ्याकाठच्या सावलीतला वृक्ष आहे. आपल्याकडे पाऊस भरपूर, वर्षास १,२०० मिलिमीटरहून अधिक पडतो. तथापि तो चार महिन्यांत संपतो आणि मे महिन्यात उष्णतामान ४५ अंशांच्या आसपास जाते. या झळांनी कोवळी रोपे करपतात. यास्तव त्याची जागा विहिरीजवळ, मोरीचे पाणी जाते त्या परसात, मालगुजारी तलावाच्या पाळीखालच्या ओलसर भागात किंवा घराच्या पूर्वेस, जेथे दुपारनंतर सावली येते तेथे निवडावी. मोरांड किंवा सिहार जमीन चांगली. बरडीत लावावयाचा झाल्यास खड्डा मोठा घेऊन गाळाची माती भरावी. ज्या कन्हार बांधीत पाणी साचून राहते तेथे दोहोंपैकी कोणतेही झाड लावू नये.

खोटा अशोक याहून काटक आहे. पहिली दोन वर्षे पाणी मिळाले की पुढे तो उन्हास व धुळीस दाद देत नाही. त्याची निमुळती जात जागा थोडी अडविते, म्हणून रस्त्याकडेच्या कुंपणालगत धूळ व आवाज अडविण्यास ती चांगली. तोरणासही पाने मिळतात. मात्र तिच्याखाली सावली पडत नाही. शाळेच्या पटांगणात अशा वीस झाडांची रांग लावून मुलांना जेवणाच्या सुटीत उन्हातच बसावे लागत असेल, तर ती लागवड चुकली असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे पसरणारा खरा अशोक बरा. मात्र तो सावकाश वाढतो व फुलावर येण्यास काही वर्षे घेतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. सावलीची घाई असल्यास कडुनिंब किंवा करंज लावावा.

दोन्ही झाडांसाठी उन्हाळ्यातच ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत व चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांनी भरावेत. पाऊस स्थिरावल्यावर, आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात, रोपे लावावीत. खोट्या अशोकात दोन मीटर व खऱ्या अशोकात पाच ते सहा मीटर अंतर ठेवावे. खोट्या अशोकाचा शेंडा खुडू नये. त्याने निमुळता आकार बिघडतो. धान निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात, तेव्हा त्यापूर्वीच काट्यांचे कुंपण झाले पाहिजे. खऱ्या अशोकाच्या आळ्यात तणसाचे जाड आच्छादन घालावे आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूस बांबूचा तट्ट्या उभा करावा. तळास बारीक भोक पाडलेले मडके रोपाजवळ पुरून ते भरीत गेल्यास थोड्या पाण्यात काम भागते.

खऱ्या अशोकाच्या चपट्या शेंगा वाळून तडकू लागल्या की बी काढून ताबडतोब पेरावे. हे बी साठवणीत टिकत नाही. वाळले की उगवण झपाट्याने घटते. रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत एकेक बी लावावे व पिशव्या सावलीत ठेवाव्यात. तीन आठवड्यांच्या सुमारास उगवण दिसू लागते. रोपे पहिल्याच पावसाळ्यात बाहेर न काढता पुढील वर्षापर्यंत सावलीत वाढवून मगच कायम जागी लावावीत.